पुढचं डावं

ग्वाल्हेरात एखाद्याला ‘कान आहे’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला लगेच घराणं, बंदिश आणि हजीऱ्यातली तानसेनाची कबर आठवते. लष्कर भागातल्या आमच्या नानांबद्दल असा गैरसमज करून घेऊ नये. तानसेन समारोहाला ते न चुकता जातात, पण बसतात शेवटच्या रांगेत, रस्त्याच्या बाजूला. वर ख्याल रंगात आलेला असताना शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगतात, “ऐकलंत? त्या टेम्पोचे मागचे पाटे गेले.”

हा कान घडला बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये. एवढ्या मागांच्या गदारोळात कुठला माग बिघडायच्या बेतात आहे, हे चालता चालता ओळखायचं, असं त्यांचं काम होतं. मिल बंद पडली, कान चालूच राहिला. मग गावातल्या मोटारींनी त्याच्या पोटापाण्याची सोय केली.

असा एक नाना प्रत्येक मोहल्ल्यात असतो. त्याच्याकडे स्वतःची गाडी नसते. सायकल असते, आणि तिची चेन करकरत असते.

नानांचा हंगामही ठरलेला आहे. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या मेळ्यात ग्वाल्हेरकर आता मोटारी घेतात. रोड टॅक्समध्ये निम्मी सूट असली की मुरैना-भिंडहूनही माणसं येतात. एकाच हिवाळ्यात घेतलेल्या या गाड्या एकाच रस्त्यावर आपटतात आणि साधारण एकदमच वाजायला लागतात. वाड्याच्या दिंडीसमोर मग रांग लागते.

“नाना, पुढून खट्‌खट् येतंय.”

“खट्‌खट् की खडखड?”

इथेच निम्मे लोक गारद होतात. कारण नानांच्या मते खडखड म्हणजे बहुधा स्टॅबिलायझरची लिंक. हळू चालवताना, बारीक उखडलेल्या रस्त्यावर वाजणारी. ‘धप्प’ आलं तर शॉकर किंवा त्याच्या वरचं माउंटिंग. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडी मारत असेल तर माउंटिंगच. ‘कुईं’ म्हणजे रबराचा सुकलेला बुश. त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. घटकाभर आवाज बंद झाला तर चोर सापडला. कुणी त्यावर इंजिन ऑइल सोडतो म्हणाला तर नाना त्याच्याकडे, दुधात मीठ टाकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघतात. त्या तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवल्यावर खडखड थांबत असेल तर सस्पेन्शनला हातच लावू नका, ब्रेक पॅड सैल आहेत. एवढं सांगून झालं की ते चपला घालतात. “चला, किल्ल्यावर.”

किल्ल्याची चढण ही नानांची प्रयोगशाळा. उरवाई दरवाजाच्या वाटेला कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसल्या की परगावचा माणूस काच खाली करतो. नानाही काच खाली करतात, पण डोळे मिटून. मूर्ती मागे जातात, वळण येतं, गाडीचा भार एका बाजूला कलतो आणि नाना एक बोट वर करतात. “पुढचं डावं.”

भाराशिवाय दोष बोलत नाही, हा त्यांचा सिद्धांत. जयविलासच्या दरबार हॉलमध्ये ती साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. त्या राजवाड्यातलं नानांना मनापासून आवडलेलं हे एकच. वर्कशॉपवाले गाडी जॅकवर चढवतात, चाकं लोंबकळतात, लिंक ताणून बसते आणि सगळं घट्ट लागतं. मग नवे शॉकर बसवतात. जोडीनं, बिलासकट. खडखड तशीच! नाना गाडी खाली उतरवायला लावतात, स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतात, मिस्त्रीला लिंकवर हात ठेवायला सांगतात आणि मालकाला गाडी बाजूनं हलवायला. मिस्त्रीच्या बोटांखाली टुक् होतं. मिस्त्री मान वर करून म्हणतो, “है तो, नाना साहब.” नानांनी स्वतः अजून पान्याला हात लावलेला नाही. मात्र बुश बदलताना शेवटचा बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय आवळू देत नाहीत. लोंबकळत्या चाकानं आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम झालं की त्यांचा रस संपतो. मालकाचं नाव त्यांना कधीच आठवत नाही. लग्नाकार्यात ओळख करून देतात ती अशी : “हे आपले डावी लिंक.”

एवढ्या तऱ्हेवाईक माणसाला मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला बोलवू नये, पण ते पुतणीचे सख्खे काका. झाशीहून मुलाकडचे आले. गाडी गल्लीत वळली तेव्हा नाना माडीवर होते. पाहुणे जिना चढून टेकले, कांदेपोहे आले, मुलाचे वडील म्हणाले, “काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा.”

नानांनी विचारलं, “बॉल जॉइंट कधीपासून वाजतोय?”

वहिनींनी कपाळाला हात लावला. पण नानांचा चेहरा थट्टेचा नव्हता. लिंक नुसती डोकं खाते. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. खाली जाऊन त्यांनी चाक उचलायला लावलं, वर-खाली धरून हलवून दाखवायला सांगितलं, आणि चाक खरंच डुलत होतं. “ही गाडी आज झाशीला जायची नाही,” नाना म्हणाले. रविवार होता, दुकानं बंद. पाहुण्यांना मुक्काम पडला. रात्री पिठलं-भात झाला, मुलगा आणि मुलगी गच्चीवर बराच वेळ बोलत बसली, आणि सोमवारी लोअर आर्म बदलून अलाइनमेंट होईपर्यंत सुपारी फुटली.

व्याही आता ग्वाल्हेरला आले की आधी गाडी घेऊन किल्ल्यावर जातात, नानांना शेजारी बसवून. सून माहेरी रिक्षानं पोहोचते.