चंडाराभ जिल्ह्यासाठी नवभाषा-निर्मिती मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका भंडारा जिल्ह्यातील सात ते बारा वर्षे वयाच्या भाषानिर्मात्यांसाठी आहे. पात्रता : एक भावंड किंवा शेजारचे पोर, एक गुपित, आणि ते मोठ्यांच्या देखत सांगण्याची अनावर खाज. भांडवल लागत नाही. उन्हाळ्याची सुट्टी असल्यास उत्तम, कारण दुपारी बाहेर जाऊ देत नाहीत आणि घरात पाहुणे असतात.

भाषा बनवणारे याआधीही होऊन गेले. वॉर्सा शहरात डोळ्यांची डॉक्टरकी करणाऱ्या झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये एस्पेरांतो जाहीर केली. तिचे व्याकरण अवघ्या 16 नियमांत बसवले, म्हणून जग अजून त्यांचे कौतुक करते. परंतु त्यांचा हेतू वेगळा होता. त्यांना साऱ्या जगाला समजेल अशी भाषा हवी होती. आपल्याला पलीकडच्या खोलीतल्या आत्याला समजणार नाही अशी हवी आहे. हे काम दीड नियमात होते.

नियम पहिला : शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावे. त्याची मात्रा, वेलांटी, अनुस्वार मागेच राहू द्यावा आणि त्या रिकाम्या जागेवर 'च' बसवावा. संस्कृतवाले जसे 'रामः रामौ रामाः' घोकतात, तसे आपण जिल्ह्याचे सात तालुके घोकावेत : चंडाराभ, चुमसरत, चोहाडीम, चाकोलीस, चाखनील, चाखांदूरल, चवनीप. गोंदिया 1999 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी चोंदियाग म्हणायला हरकत नाही; व्याकरणाने अजून विभाजन मान्य केलेले नाही. नदीच्या बाबतीत तर भाषेने मूळ नावावर उपकारच केले आहेत. वैनगंगेची झाली चैनगंगाव. पुरात पाणी गावात शिरते तेव्हा मात्र हे नाव घेऊ नये.

अर्धा नियम जोडाक्षरांचा. जोडाक्षर फोडू नये, जोडीनेच हलवावे : प्रकाश, चकाशप्र. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दात स्वर 'च'ला चिकटतो आणि शेवटी नुसता 'अ' टेकवतात, म्हणून आंधळगावचे चांधळगावअ होते. तो शेवटचा 'अ' ऐकायला कोशाचे कापड विणणाऱ्यांच्या या गावाला जांभई आल्यासारखा वाटतो, पण नियम तो नियम.

खरी अडचण 'च'नेच सुरू होणाऱ्या शब्दांची. तुमसर तालुक्यातले चांदपूर घ्या, तलावाचे आणि मारुतीचे. नियम लावला की होते चांदपूरच. मँगनीजच्या खाणीचे चिखला होते चिखलाच. म्हणजे गुपित राहते बाजूला, उलट गावाचे नाव ठासून सांगितल्यासारखे होते. अशा गावांविषयीची गुपिते घरात बोलू नयेत, शेतात जाऊन बोलावीत.

सर्वनामांबाबत एक गंभीर सूचना. 'मी'चे 'चीम' होते, ते निर्धोक आहे. द्वितीय पुरुषी एकवचनाचे रूप मात्र करून पाहू नये. मोठ्यांसमोर तर नाहीच. ज्यांनी कुतूहलापोटी ते मोठ्याने केले, त्यांच्या गालावर व्याकरण उमटलेले आहे. म्हणून या भाषेत धाकट्या भावालाही 'चुम्हीत' असेच संबोधावे. जगात इतकी अदबशीर भाषा दुसरी नसेल, आणि अदबीचे इतके खरे कारणही दुसरे नसेल.

आता ध्वनी. मराठीत च दोन : 'चाकू'तला दातांवरचा आणि 'चार'मधला टाळूवरचा. लिहिताना दोघांचे तोंड सारखेच. पुढे इ किंवा ए असेल तर प्रश्न मिटतो, जीभ आपसूक टाळूला लागते. पण चाकोलीसमधला कोणता? यावर मतभेद संभवतात. ज्याच्या मालकीची बॅट, त्याचा उच्चार प्रमाण मानावा. प्रमाण उच्चार इतरत्रही याहून फार वेगळ्या रीतीने ठरत नाही.

आणि इथेच भंडाऱ्याच्या उमेदवाराला जन्मजात सवलत आहे, ती पुण्याच्या उमेदवाराला नाही. आपल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. त्यावर च चढवला की चोराड आणि चानीप. सुट्टीत आलेल्या पुण्याच्या मावसभावाने खटपट करून च काढला, तरी हाती येतो डोरा, आणि तो सुईदोरा शोधू लागतो. एका कुलपाच्या आत दुसरे कुलूप, आणि दुसरे आपण घडवलेलेसुद्धा नाही. या बोलीवर आणि इथल्या दंडार या लोकनाट्यावर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी वर्षानुवर्षे काम केले. तरी 'पानी' लिहिणाऱ्या पोराच्या वहीत लाल गोल पडतोच. तेच पोर संध्याकाळी ओसरीवर हजार शब्दांना एकच नियम लावते, तोही धावत्या तोंडाने, आणि एकदाही चुकत नाही. त्याला व्याकरण येत नाही असा शेरा प्रगतिपुस्तकात असतो. या मार्गदर्शिकेचा शेरा वेगळा आहे.

अंकांसाठी आपली भाषा वापरू नये. 'चार'चे 'चारच' होते, आणि बोरांच्या वाटणीत 'चारच' म्हटल्यावर भांडण ठरलेले. 'सहा'चे होते 'चहास', की पाहुणे कप शोधू लागतात. अंक दलालांकडून उसने घ्यावेत. जुन्या बाजारपेठांत गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला ते नंदभाषा वापरत : पोकू म्हणजे चार, मुळू पाच, पवित्र सात, अंगुळू दहा, काटी वीस, बिटी शंभर. नफ्याची भाषा असूनही सातला पवित्र म्हणण्याइतके भान त्यांना होते, हे विशेष.

लिपीची गरज भासल्यास महानुभावांचा आदर्श ठेवावा. चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर याच भंडाऱ्याचे. पुढे चौदाव्या शतकात त्या पंथाच्या रवळोव्यासांनी सकळ लिपी रचली. अक्षरे बदलून लिहिलेल्या पोथ्या शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना किल्ली मिळाली तेव्हा कुठे मराठीच्या आरंभीचे गद्य लोकांपुढे आले. आपली चिठ्ठी वर्गात तीन बाकांपलीकडे जाईपर्यंत टिकली तरी पुरे.

अक्षराच्या पोटात 'र्फ' घुसवणारी एक प्रतिस्पर्धी भाषा आहे. ती शिकू नये. पाहुणे निघून गेले तरी वाक्य संपत नाही.

राहता राहिली सुरक्षा. भाषा फुटते ती नेहमी सर्वांत धाकट्याकडून, आणि भाव फार नसतो. मूठभर चिवडा पुरतो. फुटल्याची शंका येताच च काढून ट बसवावा (टंडाराभ, टुमसरत). नियम तोच, शत्रू मात्र सकाळपर्यंत गोंधळलेला. परंतु एका शत्रूपुढे हा उपाय चालत नाही. ओसरीवर परीक्षेच्या गुणांविषयी अत्यंत गुप्त मसलत चालू असते, बोलणे पूर्ण वेगात असते, आणि आतून, भात उतरवता उतरवता, आईचा आवाज येतो : "चेवालेज चलाच!"

रूप निर्दोष आहे. 'चला'चे 'चलाच'च होते. आईने ते आपल्या भाषेच्या नियमाने वापरले की तिच्या, याचा निर्णय व्याकरणाच्या कक्षेत येत नाही. हात धुऊन पाटावर बसावे.