अठरा खेचरं, दोन घोडे आणि आमची मेंढरं

आमच्या घरात बोरिक पावडरचा एकच डबा होता आणि त्याच्याकडे तीन खाती होती. दुपारी कॅरम, रात्री झुरळं आणि घरात कुणाचे डोळे आले तर डोळे. आई कणीक, साखर आणि बोरिक पावडर दुधात मळून त्याच्या गोळ्या वळायची आणि ओट्याखालच्या कोपऱ्यांत ठेवायची. त्याच डब्यातली चिमूटभर पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून आजी कापसाच्या बोळ्याने आमचे डोळे पुसायची. ज्याने झुरळ मरतं ते नातवाच्या डोळ्यांत कसं घालायचं, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आता मी हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचेच डोळे मिटून घेतले. त्यामुळे हा प्रयोग कुणी करू नये. एकदा मामाने यातली एक गोळी पेढा समजून उचलली होती. त्याचा हात तोंडापर्यंत गेला आणि आईच्या ओरडण्याने तिथेच थांबला. त्या संध्याकाळी आईने डब्यावर लाल शाईने ‘खायचे नाही’ असं लिहिलं.

आमच्या लेखी या डब्याचं खरं काम एकच, कॅरमचं. बोर्डावर पावडर भुरभुरवून तळहाताने पसरायची, उरलेली चड्डीला पुसायची आणि आईची बोलणी खायची. पावडर जास्त झाली की स्ट्रायकर नुसता वाहवत जायचा, कमी झाली की राणी खड्ड्याच्या तोंडाशी येऊन रुसून बसायची. या घसरण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. बोरिक आम्लाचा कण म्हणजे पत्त्यांचा कॅटच असतो. एकेका थरातले रेणू एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेले असतात, पण एका थराचं दुसऱ्या थराशी फारसं देणंघेणं नसतं. वरून धक्का बसला की थर एकमेकांवरून सटकतात. म्हणजे बोर्डावर सोंगटी घसरते आहे असं आपल्याला वाटतं तेव्हा तिच्याखाली हजारो कॅट पिसले जात असतात.

ही पावडर ज्याच्यापासून करतात त्या खड्याची आणि माझी ओळख सोनाराच्या दुकानात झाली. आत्याच्या पाटलीचा सांधा उकलला होता. सोनारकाकांनी एका खडबडीत दगडावर दोन थेंब पाणी टाकलं आणि तुरटीसारखा दिसणारा एक खडा त्यावर उगाळला. ते गंध बारीक कुंचल्याने सांध्याला लावलं, वर डाकाचा इवलासा तुकडा ठेवला आणि फुंकणी तोंडात धरली. ज्योत वळून सांध्यावर आली तसं ते पांढरं गंध फुगायला लागलं. अगदी ज्वारीची लाही फुटावी तसं. डाकाचा तुकडा त्या फुगवट्यावर डोलायला लागला, काकांनी चिमट्याने त्याला पुन्हा जागेवर बसवलं. मग लाही खाली बसली, तिचा काचेसारखा थेंब झाला, तो सांध्यात पसरला आणि त्याच्यामागोमाग डाक एका क्षणात आत वाहून गेला.

“काका, हे काय आहे?”

“टाकणखार. याच्याशिवाय डाक धरत नाही बघ. तापलं की धातूवर काळं चढतं, ते हा खाऊन टाकतो.”

रसायनशास्त्राच्या पुस्तकांनी याहून वेगळं काही सांगितलेलं नाही, फक्त पानं जास्त घेतली. दागिन्याच्या सोन्यात तांबं मिसळलेलं असतं. तापवलं की त्या तांब्यावर ऑक्साइड चढतं आणि ते दोन तुकड्यांच्या मध्ये येऊन बसतं. टाकणखार वितळून ते आपल्यात विरघळवून घेतो आणि वरून हवाही आत येऊ देत नाही. लाही का फुटते, तर खड्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. शंभर ग्रॅमचा खडा विकत घेतलात तर सत्तेचाळीस ग्रॅम पाण्याचे पैसे मोजलेले असतात. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण उगाच बोल लावतो.

टाकणखार म्हणजेच सवागी, म्हणजेच बोरॅक्स, म्हणजेच संस्कृतातला टंकण. वैद्यांच्या दुकानात मी एकदा ‘शुद्ध टंकण’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी पाहिली आणि मला भरून आलं. आयुष्यभर मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला शुद्ध टंकण बरणीत तरी मिळतंय, हे काय कमी आहे? वैद्य मात्र शुद्ध करतात म्हणजे तव्यावर त्याची लाही करून पाणी उडवतात. आपल्याकडे पापडखार, जवखार, सज्जीखार अशी खारांची भावकी मोठी आहे आणि सगळे दिसायला पांढरेच. त्यामुळे नावाचा घोळ करू नये. पापडखार पापडात जातो, टाकणखार खाण्याच्या कुठल्याच पदार्थात घालायला कायद्याने परवानगी नाही.

हा खार जमिनीत होतो कसा? त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पोटात आग असलेली जमीन हवी, म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्याबरोबर खालचं बोरॉन, म्हणजे या खाराचं मूलद्रव्य, वर येतं. ते पाणी जिथे जमेल तिथून त्याला बाहेर जायला वाट नको. आणि पाऊस नको, ऊन मात्र सणसणीत हवं. असं तळं वर्षानुवर्षं आटत राहतं, पाणी वर उडून जातं आणि न उडणारं सगळं तळाशी साचत जातं. पत्रिका जुळवताना येते तीच अडचण इथेही येते. दोन गुण जुळणारी स्थळं पुष्कळ, तिन्ही जुळणारी फार थोडी. महाराष्ट्राचंच बघा. आपली बहुतेक जमीन लाव्ह्याची, पण आपल्या काळ्या कातळात बोरॉन मुळात तुटपुंजं, आणि जे असेल ते सह्याद्रीचा पाऊस समुद्रात नेऊन टाकतो. समुद्राच्या एका लिटरात साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असतं, ते तिथेच असू द्यावं. बाहेर वाट नसलेलं तळं म्हणाल तर आपल्याकडे लोणार आहे. त्याच्या पाण्यातून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खार काढला, पण तो सोड्याच्या घराण्यातला. आडनाव वेगळं.

तिन्ही गुण जुळले ते हिमालयापलीकडे. तिबेटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात. पुगा साधारण ४,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या जमिनीतून गरम पाण्याचे झरे वाफाळत वर येतात. इतक्या उंचीवर पाण्याला उकळायला शंभर अंशांची गरज नसते, पंच्याऐंशीच्या आसपास भागतं. झऱ्यांच्या कडेला गंधकाचा पिवळा आणि टाकणखाराचा पांढरा पापुद्रा धरतो. एकेकाळी जगाचा टाकणखार प्रामुख्याने या भागातून येत होता, आणि तो येत होता मेंढरांच्या पाठीवरून.

मेंढरांच्याच. त्या वाटांवरून जनावर न्यायचं तर ते लहान, काटक आणि वाटेत मिळेल ते खाणारं हवं. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी लोकरीची छोटी पिशवी, आठ-दहा किलोंची. येताना मीठ आणि टाकणखार, परतताना धान्य. असे शेकड्यांनी मेंढ्यांचे तांडे खिंडी ओलांडून कुमाऊँकडे, कुलूकडे उतरायचे. एका मेंढीच्या पाठीवर मावेल एवढ्या खारात किती सोनारांच्या किती पाटल्या सांधल्या जात असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणखी एक पंचाईत म्हणजे टाकणखाराचा स्वच्छ खडा कोरड्या हवेत ठेवला की स्वतःचं पाणी सोडतो आणि वरून पिठूळ होतो. संग्रहालयातले पारदर्शक नमुनेही काही दिवसांत खडूसारखे दिसायला लागतात. म्हणून व्यापारी खड्यांना चरबी फासून पाठवत. अशा वंगाळलेल्या मालाच्या गोणी कलकत्त्याहून जहाजाने युरोपात जात. तो धुऊन साफ करायची विद्या फार काळ व्हेनिसवाल्यांनी स्वतःपाशी लपवून ठेवली होती. चरबी कशी काढायची हे आमच्या मोलकरीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं.

मालाबरोबर शब्दही उतरला. टंकणचं फारसीत तिनकार झालं आणि तिथून युरोपात जाता जाता टिंकल झालं. आज कुठल्याही खनिजशास्त्राच्या पुस्तकात कच्च्या बोरॅक्सला टिंकलच म्हणतात. मेंढ्यांची नावं राहिली नाहीत, शब्द तेवढा राहिला.

आता अमेरिकेचं बघा. १८८१ साली डेथ व्हॅलीजवळ राहणाऱ्या एका गरीब नवरा-बायकोला कुणा वाटसरूकडून कळलं की बोरॅक्सवर गंधकाम्ल आणि अल्कोहोल ओतून काडी लावली तर ज्योत हिरवी होते. अ‍ॅरन आणि रोझी विंटर्स ही त्यांची नावं. त्यांनी वाळवंटातल्या पांढऱ्या मातीवर रात्री हा प्रयोग केला, ज्योत हिरवी झाली आणि ती जागा त्यांनी २०,००० डॉलरना विल्यम कोलमन नावाच्या उद्योजकाला विकली. तिथलं खनिज कापसाच्या बोंडासारखं भुसभुशीत. चिनी मजूर ते उन्हात खरवडून काढायचे. मग ते गरम पाण्यात उकळायचं आणि पाणी निवलं की टाक्यांत सोडलेल्या सळयांवर स्फटिक धरायचे. ऐन उन्हाळ्यात पाणी निवायलाच तयार नसे, म्हणून कारखान्याला उन्हाळी सुट्टी असायची. शाळेइतकंच शहाणपण असलेला कारखाना मी दुसरा ऐकलेला नाही.

माल रेल्वेपर्यंत न्यायला २६५ किलोमीटरचं वाळवंट पार करायचं होतं. त्यासाठी पुरुषभर उंचीहून मोठ्या चाकांच्या दोन गाड्या आणि मागे पाण्याची टाकी, असं लटांबर केलं आणि त्याला वीस जनावरं जोडली. एका फेरीला जायचेच दहा दिवस. हा उद्योग १८८३ ते १८८८ एवढाच चालला. पाच वर्षं! पण कंपनीने त्या वीस खेचरांचं चित्र डब्यावर छापलं, पुढे जाहिरातीसाठी रेडिओचा कार्यक्रम केला, मग टीव्हीचा. १९६४-६५मध्ये तो टीव्हीवर सादर करणारा नट होता पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन. आमची मेंढरं शतकानुशतकं खिंडी चढली, त्यांच्या पाठीमागून कुणी सरपंचसुद्धा झाला नाही.

आणि एक बारीक गोष्ट. त्या वीस जनावरांत खेचरं होती अठरा. गाडीच्या अगदी जवळची, वजन पेलणारी शेवटची जोडी घोड्यांची असे. घोड्यांनी कधी तक्रार केल्याची नोंद नाही. पण मला हे कळल्यापासून तो डब्यावरचा तांडा पाहिला की मी मागून मोजायला लागतो.

आज जगातल्या साठ्यातला जवळजवळ पाऊण हिस्सा तुर्कस्तानात आहे, बाकी मोठी खाण कॅलिफोर्नियात बोरॉन नावाच्याच गावी. भारत हा माल आयात करतो. ज्या वाटेने शब्द गेला त्या वाटेने माल उलटा येतो, एवढंच. येऊन तो काय करतो हे सांगत बसलो तर संपादक पानं कापतील. चहा ओतला तरी न तडकणारी काच, बाथरूमच्या बादलीवरचं इनॅमल, फायबरग्लास, तारापूरच्या अणुभट्टीतल्या नियंत्रक दांड्या, सगळीकडे बोरॉन हजर. नाशिकचा द्राक्ष बागायतदार फळधारणेच्या वेळी बोरॉनची फवारणी करतो. आमच्या नातीने परवा गोंदात बोरॅक्सचं पाणी घालून लिबलिबीत स्लाइम केलं आणि ते माझ्या चष्म्याच्या घरात ठेवलं. सोनारकाकांनी पाटली सांधली होती, हिने चष्मा आणि घर सांधलं.

तुमच्यापैकी निम्मे तरी येत्या सुट्टीत लडाखला जाणार, याची मला खात्री आहे. पँगाँगला फोटो काढून झाले आणि त्सो मोरिरीहून त्सो कारकडे निघालात की वाटेत पुगा लागतं. गाडी थांबवायला सांगा. झऱ्याजवळ जपून जा, पाणी भाजतं. पांढरा पापुद्रा बघा, चाखू नका. आणि पुढे रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला तर ड्रायव्हरला हॉर्न वाजवू देऊ नका. त्यांना आधी जाऊ द्या.