नानांची दोन मिनिटं

अमेरिकेहून आलेला विजेवरचा प्रेशर कुकर ज्या घरात असतो, त्या घरात त्याच्या शेजारी एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि या दोघांची पाहुण्यांशी ओळख करून द्यायला एक नाना असतात.

कुकर तिकडच्या 120 व्होल्टचा, आपल्या भिंतीत 230. थेट खुपसला तर हजार वॅटचा हीटर जवळजवळ पावणेचार पट वीज ओढेल आणि एकदाच काय ते चालेल, हे नाना भांड्यांच्या मावशींनाही समजावून सांगतात. म्हणून मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून पंधराशे वॅटचा ट्रान्सफॉर्मर आला. तो कुकरपेक्षा जड आहे आणि चालू असला की अखंड कुरकुरतो. माई त्याला कुकरची सासू म्हणतात.

नाना म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. कोथरूडात, ठाण्यात, नाशिकच्या गंगापूर रोडला, प्रत्येक सोसायटीत ते असतातच. उभी हयात कारखान्यात प्रॉडक्शनला नाहीतर मेंटेनन्सला गेलेली, मुलगा न्यू जर्सीत, एक गुडघा नवा आणि दुसरा विचाराधीन. नोकरीत असताना ते स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा गेले नाहीत. पाणी बाहेर यायचं. निवृत्तीनंतर बागकाम झालं, होमिओपॅथी झाली, सोसायटीच्या पंपाची दुरुस्ती तर समितीने हात जोडले म्हणून थांबली. अशा पोकळीत एके दिवशी मुलाने बटणं असलेला कुकर पाठवला. गॅसची शेगडी म्हणजे स्वयंपाक. बटणं आणि डिस्प्ले आला की ते इंजिनिअरिंग होतं, आणि इंजिनिअरिंगला नाना कधीच नाही म्हणत नाहीत.

शिजवायचं काय, हा प्रश्न होता. भात माईंचा, वरण माईंचं, बटाटे उकडायचा अधिकार तर चाळीस वर्षांचा वहिवाटीचा. मक्याचं कणीस तेवढं कोणाच्या खात्यात नव्हतं. त्याला चिरणं नाही, फोडणी नाही, चव पाहणं नाही. नाना मक्याचे झाले.

आता पद्धत पाहा. कणसाची पानं सोलायची, मिशा काढायच्या. मिशांसाठी कोरडा टूथब्रश ठेवलेला आहे आणि त्याच्या दांड्यावर ‘मका’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, कारण एकदा पाहुण्यांचा घोटाळा झाला होता. आतल्या भांड्यात एक कप पाणी. कप म्हणजे 240 मिलीलिटर. माईंनी पुढे केलेली आमटीची वाटी नाना विनयाने परत करतात. मग तारेची तिवई, तिवईवर कणसं, झाकण. झाकण बरोबर बसलं की कुकर एक सूर काढतो. तो ऐकून नानांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मुलाच्या लग्नातल्या फोटोतही आलेलं नाही. इथवर सगळं काटेकोर. आणि मग आतून हाक येते, “अगं, मीठ कुठे ठेवतेस?”

“दोन मिनिटं फक्त,” असं नाना पाहुण्यांना सांगतात. हे खरं आहे. कणसाला दाबाखाली दोन-तीन मिनिटंच पुरतात. पण दाब तयार व्हायला आधी दहाएक मिनिटं लागतात, तेवढा वेळ पडद्यावर नुसतं ‘ऑन’ दिसत राहतं आणि ही दहा मिनिटं नानांच्या हिशेबात धरत नाहीत. कारखान्यात त्याला सेट-अप टाइम म्हणत, तो वेगळ्या कागदावर लिहीत.

पाहुण्यांच्या हिशेबात मात्र ती धरली जातात, कारण त्या वेळात नाना इतिहास सांगतात. पहिला प्रेशर कुकर दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली केला, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, हाडंसुद्धा त्यात मऊ होत. “1679!” नाना बोट वर करतात. “म्हणजे महाराज हयात होते!” यापुढे कोणी काय बोलणार? तेवढ्यात पापँच्या सेफ्टी व्हॉल्व्हवरून ते थेट 2010 सालच्या कॅनडात येतात. ओटावातला रॉबर्ट वांग, संगणकशास्त्रातला डॉक्टरेट, दूरसंचारात नोकऱ्या केलेला. त्याने इन्स्टंट पॉट बाजारात आणला. “स्वयंपाकी नव्हता बरं का तो. इंजिनिअर!” हे वाक्य माईंच्या दिशेने तोंड करून म्हटलं जातं. माई पेपरातलं कोडं सोडवत असतात. नाना कुकरपाशी उभे असले की त्यांना निवांत बसता येतं, एवढा त्या यंत्राचा गुण त्यांनी मनोमन मान्य केलेला आहे. तोंडाने करणार नाहीत.

खरा वाद शिट्टीचा आहे. मराठी घरात शिट्टी हे कालमापन आहे. “तीन झाल्या की बंद कर गं” हा निरोप बाथरूममधून, गच्चीवरून, वेळ पडली तर शेजारणीमार्फतही देता येतो. या कुकरला शिट्टीच नाही. आत दाब बसला की झाकणावरची एक छोटी पिन मुकाट्याने वर येते, झाकण कुलूपबंद होतं आणि पडद्यावर उलटे आकडे सुरू होतात. माईंचं म्हणणं, जो सांगून शिजवत नाही त्याचा भरवसा काय? नाना म्हणतात, शिट्टी म्हणजे वाफेची नासाडी. मुद्दा बिनतोड आहे. पण गॅसवरच्या कुकरचा दाब पंधरा पीएसआयच्या घरात असतो, आत 121 अंशांपर्यंत पारा चढतो आणि विजेवरचा गडी साधारण अकराच्या आसपास थांबतो, हे नानांना पक्कं ठाऊक आहे. ते सांगताना त्यांचा आवाज ट्रान्सफॉर्मरच्याही खाली जातो.

मग वाफ सोडण्याचा सोहळा. नाना चष्मा काढतात, उजव्या हातात लांब दांड्याचं उलथनं घेतात, डाव्या हाताने सगळ्यांना मागे सारतात आणि उलथन्याच्या टोकाने व्हॉल्व्ह ढकलतात. वाफेचा झोत सरळ वरच्या कपाटावर. तिथल्या सनमायकाला आलेला फुगा आता मुठीएवढा झालाय आणि त्यावर माईंनी गेल्या दिवाळीत कॅलेंडर लावलंय. व्हिडिओ कॉलवर हे सगळं मुलाला दाखवायचं असतं, पण मोबाइलवर वाफ जमते, त्यामुळे न्यू जर्सीला आजवर फक्त धुकं आणि नानांचा आवाज पोचला आहे.

कणीस चांगलं होतं का? होतं. दाणे रसरशीत, टपोरे, पातेलंभर पाण्यात उकळून जी गोडी पाण्यात जाते ती इथे दाण्यातच राहते. तक्रार एकच. झाकणाची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. एकदा माईंनी त्याच कुकरात राजमा लावला, तेव्हापासून चार दिवस मक्याला गरम मसाल्याचा वास होता. आता रिंगा दोन आहेत: एक ‘मका’, एक ‘इतर’. राजमा, भात, वरण, थोडक्यात उरलेला सगळा स्वयंपाक ‘इतर’मध्ये मोडतो.

पावसाळ्यात नाना सिंहगडावर जातात. पायी नाही, गाडीने. या कुकरांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर गेलात तर दर हजार फुटांना वेळ पाच टक्के वाढवा. पुणं दोन हजारांच्या थोडं खाली, म्हणून कोथरूडला सूट. सिंहगड मात्र 4300 फूट. नानांनी हिशेब मांडला: दोन मिनिटांचे साडेअकरा टक्के, म्हणजे चौदा सेकंद. कुकरला सेकंद लावायची सोयच नाही! ही गंभीर बाब ते गडावर शेगडीपुढे कणसं भाजत बसलेल्या मावशींना सांगायला गेले. मावशी एका हाताने पुठ्ठ्याने निखारे फुलवत होत्या, दुसऱ्या हाताने कणीस फिरवत होत्या.

“मावशी, इतक्या उंचीवर वेळ किती वाढवता?”

“झालं की काढायचं,” मावशी म्हणाल्या आणि लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावरून फिरवली. नानांनी दोन खाल्ली. उत्तर अपुरं असल्याचं ते गाडीत बसल्यावर म्हणाले.

श्रावणात देशी मका येतो, आणि नानांची परीक्षा तिथे होते. त्यांची दोन मिनिटं ही अमेरिकन स्वीट कॉर्नची. त्या मक्यात साखरेची पिष्ट होण्याची वाटच जनुकांनी अडवलेली असते. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी 1950च्या दशकात त्याची अतिगोड जात पुढे आणली आणि भाजीवाल्याकडे प्लास्टिकात गुंडाळून मिळतो तो मका त्याच गोतावळ्यातला. आपला देशी मका सरळमार्गी. साखर आली की पिष्ट करून टाकतो, जून झाला की दाताशी भांडतो. नानांनी गावाकडून आलेली कणसं दोन मिनिटं लावली. झाकण उघडलं, एक चावा घेतला आणि हात गालावर गेला. ते काही बोलले नाहीत. मल्टिमीटर आणून त्यांनी भिंतीतला व्होल्टेज मोजला. तो 228 भरला.

“तरीच,” नाना म्हणाले.

माईंनी ती कणसं उचलली, स्वतःच्या कुकरात मीठ-हळदीच्या पाण्यात टाकली आणि चार शिट्ट्या काढल्या. त्या दुपारी नाना दोन कणसं गपचूप खाऊन झोपले.

अशाने खचतील ते नाना कसले? गणपतीत त्यांनी सोसायटीला प्रस्ताव दिला: एका संध्याकाळी सगळ्या इमारतीला मक्याचा प्रसाद, स्वखर्चाने. कुकरात एका वेळी सहा कणसं, एका घाण्याला पंधरा मिनिटं, बावीस बिऱ्हाडं, माणशी एक, असा तक्ता करून त्यांनी सगळ्यांना पाठवला. तक्त्यानुसार पहिलं बिऱ्हाड आरतीनंतर खाणार होतं आणि शेवटचं मध्यरात्र उलटल्यावर.

बैठकीत सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, “नाना, मधेच लाइट गेली तर?”

नाना तयारीनेच आले होते. सोसायटीचा जनरेटर आहे, पण त्यावर लिफ्ट चालते. त्यांच्या हिशेबाने जनरेटरला दोन्हींचा भार झेपत नाही, तेव्हा लाइट गेल्यास लिफ्ट बंद ठेवून वीज कुकरला द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला. चर्चा तासभर चालली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याने कडाडून विरोध केला. तळमजल्याचा ठरावाला एकमुखी पाठिंबा होता.