सात शिट्ट्या

विजापुरात परवा मी सात शिट्ट्या ऐकल्या. वाजवणाऱ्याने एकच वाजवली होती.

भाचीच्या शाळेला सहलीसाठी ‘पालक प्रतिनिधी’ हवा होता. आईला रजा नव्हती, बापाला इच्छा नव्हती, म्हणून मामा गेला. एसटीची प्रासंगिक कराराची बस, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेपाचची साडेसहाला सुटली आणि हद्द ओलांडायच्या आत तिघांनी दुपारचा डबा संपवून पहिली उलटीही उरकली. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. ठाऊक नसेल ते एवढंच, की आमच्यासोबत पी.टी.चे सर होते आणि सरांच्या गळ्यात शिट्टी होती.

शिट्टी स्टीलची, लाल गोफात ओवलेली. बस सुटण्याआधी सरांनी तिचं व्याकरण समजावलं. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा. दोन म्हणजे उंचीप्रमाणे रांग. तीन म्हणजे बसमध्ये. चार म्हणजे डबा. पाच म्हणजे ग्रुप फोटो. सहा म्हणजे काय, असं मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं. सर म्हणाले, “सहा वाजवायची वेळ माझ्यावर आणू नका.”

आता गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला. बांधणारा याकूत नावाचा, दाभोळचा, असं सांगतात. म्हणजे एका अर्थी आपला कोकणातलाच माणूस. आतून घुमटाचा व्यास सुमारे ३८ मीटर, आणि एवढ्या पसाऱ्याखाली आधाराला एक खांब नाही. चार कोपऱ्यांत चार मिनार, त्यातल्या एकाचे अरुंद जिने चढत सात मजले वर गेलं की घुमटाच्या बुडाशी गोल सज्जा लागतो. या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की आवाज गोल भिंतीला धरून धरून सरकत जातो आणि समोरच्या टोकाला कान लावून बसलेल्याला तो शेजारी बोलल्यासारखा ऐकू येतो. मोठ्याने ओरडलं तर तो घुमून सात वेळा परत येतो. कुणी दहाही सांगतात.

म्हणजे या इमारतीला दोन गोष्टी येतात. हळू बोललेलं नीट पोचवता येतं, आणि ओरडलेल्याचा चोथा करता येतो. आपल्या सहली साडेतीनशे वर्षं जुन्या या इमारतीकडे यातली कोणती गोष्ट मागायला जातात, हे मी सांगायला नको.

आमच्याआधी तिथे दोन शाळा पोचल्या होत्या. एक म्हणत होती “ओऽऽ”, दुसरी म्हणत होती “एऽऽ”. आमचे ९४ जण वर पोचले आणि त्यांनीही आपापल्या मगदुराप्रमाणे भर घातली. गाईड बिचारा म्हातारा. त्याने खिशातून कागदाचा कपटा काढला, मला खूण करून समोर पाठवलं, आणि भिंतीशी तो कपटा हळूच फाडला. मी भिंतीला कान लावला. ‘टर्र’ असा आवाज यायला हवा होता. मला “ए बाळ्या, तुझी आई” एवढंच ऐकू आलं, तेही सात वेळा.

इतक्यात इतिहासाच्या मॅडम ओरडल्या, “शांत बसा!” घुमटानेही सात वेळा ‘शांत बसा’ म्हटलं. पोरांना ते इतकं आवडलं की सगळी शाळा एकसाथ “शांत बसा” ओरडू लागली. शेजारच्या दोन शाळाही सामील झाल्या. आणि मग सरांनी शिट्टी वाजवली.

एकच. म्हणजे, थांबा. पण घुमटाला शाळेचं परिपत्रक मिळालं नव्हतं. त्याने सात वाजवल्या. ९४ मुलं क्षणभर चिडीचूप झाली आणि त्या चिडीचूपीत जो हिशेब सुरू झाला तो गणिताच्या तासाला कधी झाला नसेल. सात म्हणजे चार अधिक तीन, तेव्हा बसमध्ये बसून डबा खायचा, असं एका गटाचं मत पडलं आणि तो गट जिन्याकडे निघाला. सात म्हणजे पाच अधिक दोन, म्हणजे उंचीप्रमाणे रांग करून ग्रुप फोटो, असं पहिल्या बाकावरच्या मुलींनी ठरवलं आणि त्या उंची मोजू लागल्या. मागच्या बाकावरच्याने सात म्हणजे सहा अधिक एक असं जाहीर केलं. म्हणजे सरांवर ती वेळ आलेली आहे आणि आपण जागच्या जागी थांबून ती बघायची आहे. हा अर्थ सर्वांत जास्त लोकांना पटला. सरांनी रांगेसाठी दोन शिट्ट्या दिल्या, त्यांच्या चौदा झाल्या. तिकडे शेजारच्या शाळेचीही शिट्टी होती आणि तिचं व्याकरण निराळं. त्यांच्यात दोन म्हणजे बस. त्यांची निम्मी शाळा आमच्या शिट्टीवर खाली उतरली आणि आमच्या बसमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हरने मुंडकी मोजली, आकडा जवळपास जुळला, तो म्हणाला निघायचं का. जिन्यात वर येणारी चौथी शाळा आणि खाली उतरणाऱ्या दीड शाळा समोरासमोर आल्या, आणि सात मजल्यांच्या त्या मिनारात पाऊण तास कोणालाही वर वा खाली जाता येईना. सर तरी शिट्टी फुंकतच होते. थांबणार कसे? शिट्टी बंद केली तर हातात दुसरं काय उरतं?

इथवर मी हसत होतो. पुढे हसू आलं नाही.

कारण विजापूरने मराठीला दिलं काय, ते आठवलं. मुलूखमैदान तोफ! सभेत घसा फोडणाऱ्याला आपण आजही कौतुकाने मुलूखमैदान तोफ म्हणतो. तोफ १५४९ ची, ओतलेली अहमदनगरला, परांड्यावरून विजापुरात गेलेली. वजन पंचावन्न टन सांगतात. ती डागणारा बार उडायच्या आत शेजारच्या हौदात बुडी मारायचा, कान वाचवायला, असं तिथले गाईड अजून सांगतात. तेवढी अक्कल त्या गोलंदाजाला होती. आपण तोफ उचलली, हौद तिथेच ठेवला. आणि कुजबूज पोचवणारा तो सज्जा? त्याच्यावरून मराठीत एक वाक्प्रचार नाही. हळू बोलणारा आपल्याकडे आतल्या गाठीचा, नाहीतर लबाड. आपल्या शाळांत कान हा अवयव ठेवलाय तो पिरगाळण्यासाठी. दहा वर्षं पोराला शिट्टीवर उठवायचं, शिट्टीवर बसवायचं, प्रार्थना माईकवर, सूचना माईकवर, बक्षीस सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला, आणि मग वर्षातून एकदा बसमध्ये कोंबून जगातल्या मोजक्या कुजबुजणाऱ्या इमारतींपैकी एकीत बावीस मिनिटं सोडायचं आणि म्हणायचं, घ्या अनुभव! अरे, काय घेतील? शंभर पोरांतून पाच-पाच जण वर पाठवा, बाकीचे खाली हिरवळीवर बसवा, दिवसभर लागला तर लागू द्या. पण नाही. दिवसभरात सहा ठिकाणं ‘करायची’ असतात, आणि परत येताना तुळजापूर.

इब्राहीम रोजा त्या पाऊण तासात गेला. विजापुरातली सर्वांत देखणी इमारत, त्यातलं दगडातलं जाळीकाम, सगळं गेलं. मॅडम म्हणाल्या, “तीही कबरच आहे हो, एक बघितली ना.” बाराकमान बसच्या खिडकीतून दाखवली. अर्धवट राहिलेलं बांधकाम बघून एका पोराने विचारलं, मॅडम, ठेकेदार पळाला का? दिवसातला हा एकच खरा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळायच्या आत सरांनी चार शिट्ट्या दिल्या. डबा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी. इथे मात्र पोरं गुपचूप होती, एवढी की समोरच्या रांगेतल्याचं भाकरी मोडणं ऐकू येत होतं.

परतीच्या वाटेत भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “मामा, मी आणि श्रुती समोरासमोर होतो ना, तेव्हा तिने तिकडून मला काहीतरी सांगितलं. भिंतीतून.”

“काय गं?”

“निम्मंच ऐकू आलं. मग शिट्टी झाली.”

“मग आता विचार की तिला. पुढच्याच सीटवर बसलीये.”

“आता नाही सांगत म्हणते.”

सहलीचा वृत्तांत लिहायचा होता. तो मॅडमनी सहलीच्या आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून दिला होता, दहा ओळींचा. सातवी ओळ होती, ‘आवाज सात वेळा घुमतो हे आम्ही प्रत्यक्ष अनुभवले व आम्हाला खूप आनंद झाला.’ भाचीने नऊ ओळी जशाच्या तशा उतरवल्या आणि सातवी बदलली: ‘सरांनी एक शिट्टी वाजवली. सात आल्या. कशासाठी ते कळले नाही.’

त्या ओळीखाली लाल शाईची रेघ आहे, आणि बाजूला शेरा: फळ्यावर होते तेच लिही.