एरर गिळणाऱ्या सहकाऱ्यास खुलं पत्र



तुमचं नाव मला ठाऊक आहे. कमिटच्या इतिहासात ते स्वच्छ दिसतं. इथे लिहीत नाही, कारण असं करणारे तुम्ही एकटे नाही. पण पत्र तुम्हालाच आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासून आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची रात्र. मुदत बाराला संपणार होती. एका विद्यार्थिनीने ११ वाजून ४७ मिनिटांनी बटण दाबलं. पडद्यावर ‘अर्ज स्वीकारला’ असं उमटलं, तिने त्याचा फोटो काढला आणि ती निर्धास्त झोपली. चार दिवसांनी तिच्या वडिलांनी तक्रार नोंदवली, की यादीत मुलीचं नाव नाही. डेटाबेसमध्ये तिच्या अर्जाचा मागमूस नव्हता.

मी लॉग उघडले. २३:४७ला काहीच सापडेना. सर्व्हर यूटीसीनुसार वेळ लिहितो, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. १८:१७ला शोधल्यावर गेटवेच्या लॉगमध्ये तिची रिक्वेस्ट मिळाली. स्टेटस २००, म्हणजे सगळं सुरळीत. तोच रिक्वेस्ट आयडी घेऊन पुढच्या सेवेच्या लॉगमध्ये गेलो, तर दोन ओळींनंतर आयडी गायब! काम दुसऱ्या थ्रेडकडे देताना तुम्ही तो सोबत धाडलाच नव्हता. लॉगिंगची लायब्ररी आयडी त्या-त्या थ्रेडपुरताच जपते. पुढे न्यायचा तर आपणच न्यावा लागतो. त्या मिनिटातल्या साऱ्या अर्जांच्या ओळी एकमेकींत मिसळून पडल्या होत्या, एकीवरही कुणाची ओळख नाही.

शेवटी मदतीला आला तिने अर्जासोबत जोडलेला उत्पन्नाचा दाखला. आयडी हरवण्याआधीच्या ओळीत त्याचा आकार नोंदलेला होता : २,१४,७८३ बाइट. तो आकडा धरून शोधत गेलो आणि दोन ओळी हाती लागल्या.

१८:१७:१२.४०८ – दाखला जतन करत आहे, २१४७८३ बाइट
१८:१७:४२.४०९ – प्रक्रिया पूर्ण, २१४७८३ बाइट

मध्ये बरोबर तीस सेकंदांची शांतता. असा नेमका आकडा दिसला की कुठेतरी टाइमआउट लागलाय हे समजावं. आपण डेटाबेसची कनेक्शन सांभाळायला हिकारीसीपी ही लायब्ररी वापरतो. तिचं मूळ सेटिंग दहा कनेक्शनचं. दहाही अडकलेली असली तर ती तीस सेकंद वाट पाहते आणि एक्सेप्शन फेकते. ते सेटिंग कुणीही बदललं नव्हतं. शेवटच्या रात्रीच्या गर्दीत कनेक्शन संपली, लायब्ररीने तसं सांगितलं आणि ते सांगणं तुमच्या कॅच ब्लॉकपाशी येऊन मेलं. दोन महिरपी कंस आणि मध्ये एक कॉमेंट : ‘इथे कधी येणार नाही’. त्याच्या लगेच खाली ‘प्रक्रिया पूर्ण’ लिहिणारी ओळ.

कनेक्शन संपणं हा तुमचा अपराध नाही. गर्दीत कुठलीही यंत्रणा दमते. अपराध आहे तो खोटं बोलण्याचा. काम झालेलं नसताना तुमच्या कोडने त्या मुलीला ‘झालं’ म्हणून सांगितलं. साधं ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढं दिसलं असतं, तर तिच्या हातात अजून बारा मिनिटं होती. तिने पुन्हा बटण दाबलं असतं. ती बारा मिनिटं तुम्ही तिच्याकडून काढून घेतलीत.

एवढ्या एररनी लॉग भरून जातात, असं तुम्ही म्हणालात. त्याच फाइलमध्ये ‘मेथडमध्ये शिरलो’ आणि ‘मेथडमधून बाहेर पडलो’ अशा ओळी तुम्हीच पेरल्या आहेत. त्यांना जागा होती, एररला नव्हती?

माहीत नव्हतं, ही सबबही चालणार नाही. एकाच रिक्वेस्टचा अनेक सेवांमधून माग कसा काढावा, हे गूगलच्या अभियंत्यांनी डॅपर या त्यांच्या यंत्रणेवरच्या निबंधात २०१० साली जगासमोर मांडलं. ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ या मानकाला २०२० साली डब्ल्यू३सीची मान्यता मिळाली, प्रत्येक रिक्वेस्टसोबत बत्तीस अक्षरांचा आयडी कसा पुढे द्यायचा, हे त्यात ठरलेलं आहे. हे सारं करून देणारी ओपनटेलिमेट्री फुकट मिळते. हे काहीच जमत नसेल, तर कॅच ब्लॉकमध्ये एक ओळ लिहा : काय बिघडलं, कोणत्या रिक्वेस्टचं, कोणत्या अर्जाचं. आणि ती एरर वर जाऊ द्या. तिचं काय करायचं ते वरचा कोड ठरवेल. ‘झालं’ म्हणण्याचा अधिकार काम खरंच झाल्यावरच मिळतो.

दोघांनी तुमचा कोड तपासून मंजूर केला होता. हे पत्र त्यांनाही आहे. रिकामा कॅच ब्लॉक दिसला की रिव्ह्यू तिथेच थांबला पाहिजे.

त्या रात्रीनंतर मी आपला सगळा कोड चाळला. असे अकरा ब्लॉक निघाले, त्यातले तीन तुमचे. आज कामाला बसाल तेव्हा आधी ते तीन उघडा. बाकीच्या आठांचे धनी हे वाचत असतील, तर त्यांनीही उघडावेत.

त्या मुलीचा अर्ज त्या वर्षी धरला गेला नाही.

– तुमचा ऑन-कॉल सहकारी