शिळं पाणी

डिस्कचा पट्टा लाल झाला की प्रत्येक ऑफिसात एक जाणकार उगवतोच आणि फर्मावतो, ‘आधी कॅशे उडवा.’ विंडोजमध्ये हा माल बहुतेक ॲपडेटा नावाच्या फोल्डरात असतो आणि ते फोल्डर मुळातच लपवलेलं असतं. लपवलंय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, हा आपला रोकडा न्याय. वास्तविक ब्राउझरनं लांबच्या सर्व्हरवरून आणलेल्या पानांच्या, चित्रांच्या प्रती तिथं हाताशी ठेवलेल्या असतात. पुन्हा हेलपाटा नको म्हणून. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर तुडुंब असतानाही या शहरानं वर्षानुवर्षं नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिली. म्हणून गच्चीवर टाकी, मोरीत पिंप आणि जिन्याखाली झाकलेल्या बादल्या. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं आणलं, तेव्हाही हौद लागलेच. अशा गावात रोज संध्याकाळी कॅशे रिकामा करणारा माणूस म्हणजे नळाला अजून पाच दिवस असताना ‘शिळं झालं’ म्हणून पिंप ओतून देणारा. दुसऱ्या दिवशी साइट रखडत उघडते, नेटपॅक उगाच खर्ची पडतो, आणि घाईत कुकीजवरही टिक झाली असेल तर पासवर्ड आठवता आठवता दुपार होते. संध्याकाळपर्यंत कॅशे पुन्हा भरू लागलेला असतोच.

यावर कोणी म्हणेल, प्रतही शिळी होते. निकाल लागला तरी साइटवर कालचंच पान दिसतं. खरं आहे. पण तेवढ्याला बहुधा कंट्रोल दाबून एफ ५ पुरतं. तांब्याला वास आला म्हणून कोणी टाकी पालथी करत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: जागाच उरली नसेल तर? व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रामचा कॅशे खरोखरच गीगाबाइटांनी फुगतो, तो खुशाल उडवा. टेम्पमधला कचराही काढा. ब्राउझर मात्र आपली मर्यादा ओळखून असतो. भरत आलं की जुनं स्वतःच टाकतो. ही समज आपल्या डाउनलोड्स फोल्डरला नाही. तिथं एकच आधार कार्ड कंसात एक, कंसात दोन अशा क्रमानं नांदत असतं. शेजारी ‘न्यू फोल्डर’, त्याच्या पोटात आणखी एक ‘न्यू फोल्डर’, आणि त्यात चुलतभावाच्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ, जो डी ड्राइव्हवरही आहे. हे सगळं उघड्यावर असल्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय नाही. बरं, तो व्हिडिओ काढायची छाती कोणाची? हिंमत करून डिलीट केलाच, तर तो बहुधा रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतो. म्हणजे त्याच डिस्कवर, तेवढीच जागा अडवून.