कोणाची बाटली साजूक?

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा भिंतीशी या. मोठ्याने बोलायची गोष्ट नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल काय झालं, कळलं का? भांडण? छे हो, भांडण असतं तर आधी तुम्हालाच ऐकू आलं असतं. काल तिथे बीपी मोजायची मैफल बसली होती!

साहेबांना डॉक्टरांनी सांगितलं, वरचं बीपी दीडशेच्या पुढे गेलंय, दारू आवरा. ते त्यांना झोंबलं. रात्री दोन लार्ज पेग घेतले, तासाभराने दंडाला पट्टा गुंडाळून बसले, आणि आकडा आला आधीपेक्षा कमी! मग काय, गल्लीभर दवंडी, की व्हिस्की हेच बीपीचं औषध. आमचे हे प्रेक्षकांत होतेच, म्हणून तर मला कळलं.

हसू नका. आकडा खोटा नव्हता, तीच तर गंमत. दारू पोटात गेली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी थोडं उतरतं. ३० ग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं तर ते बारा तासांपर्यंत उतरलेलं राहतं. तेरा तास उलटले की मात्र नेहमीपेक्षा वर चढतं. म्हणजे रात्री नऊला घेतली तर दुसऱ्या दिवशी दहानंतर. तेव्हा साहेब ऑफिसात आणि मशीन कपाटात! नाडी तर पहिल्यापासूनच जोरात पळत असते, पण मशीनवरचा तो आकडा बघतंय कोण?

आता समोरच्या प्रोफेसरांचं ऐका. ते म्हणतात, व्हिस्की वाईटच, वाईनचं तसं नाही, वाईन हृदयाला चांगली. नाशकात राहून वाईनला नावं ठेवायची म्हणजे पाप, तेही खरंच. त्यांच्या डोक्यात १९९१ सालचं ते फ्रेंचांचं कौतुक बसलंय. लोणी-चीज खाऊनही हृदयविकार कमी, तो रेड वाईनमुळे, असं अमेरिकेच्या टीव्हीवर सांगितलं आणि तिथे रेड वाईनचा खप वाढला. पण त्याच फ्रान्सची जुनी गोष्ट प्रोफेसरांना कोण सांगणार? १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, लियां नावाच्या डॉक्टरांनी सैनिकांचं बीपी तपासलं. दिवसाला दोन लिटरच्या वर पिणाऱ्यांत बीपी वाढलेले जास्त निघाले. आणि पीत काय होते? वाईनच!

लेक म्हणाली, आई, एवढ्यावर प्रोफेसर ऐकायचे नाहीत, त्यांना ऑस्ट्रेलियातलं पर्थ सांग. तिथे २४ धडधाकट पुरुषांना चार-चार आठवडे पाळीपाळीने रोज रेड वाईन दिली, बिअर दिली, अल्कोहोल काढलेली रेड वाईनही दिली. वाईन आणि बिअर मोजून अशी, की दोन्हीत अल्कोहोल ४० ग्रॅमच्या आसपास. २००५ साली निकाल छापून आला. वरचं बीपी वाईनने साधारण तीन अंकांनी वाढलं, बिअरने दोन. अल्कोहोल काढलेल्या वाईनने काही वाढलं नाही. पुढे २०१२ साली बार्सिलोनात, हृदयविकाराचा धोका असलेल्या पुरुषांत, अशा बिनअल्कोहोलच्या वाईनने बीपी थोडं उतरलंही. म्हणजे द्राक्षात काही गुण असेलच, तर तो दारू काढून टाकल्यावर दिसतो. आता सांगा प्रोफेसरांना!

काय म्हणालात? तुमच्या भाऊंची नुसती बिअर? बार्लीचं पाणी, वर मुतखड्यालाही बरं? वहिनी, त्या बार्लीच्या पाण्याच्या बाटलीवरचा टक्का वाचा. मिलीला टक्क्याने गुणायचं, शंभराने भागायचं आणि त्याचे आठ-दशांश धरायचे, तेवढे ग्रॅम अल्कोहोल. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम. भाऊंची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली ८ टक्क्यांची असेल तर ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे चार स्मॉल पेग! आणि प्रोफेसरांनी १३ टक्क्यांची अख्खी बाटली संपवली तर ती व्हिस्कीच्या क्वार्टरलाही मागे टाकते.

आमच्या ह्यांना मी सोडलंय असं वाटलं होय? गोव्याहून फेणी येते आमच्याकडे. नैसर्गिक आहे, औषधी आहे, सर्दीला चालते! काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही आनंद आहे. पण काजूची असो नाहीतर माडाची, कडकपणात ती व्हिस्कीच्याच पंगतीला बसते. रोजच्या पिण्याने शरीरातल्या ताण वाढवणाऱ्या नसा जाग्या राहतात, मीठपाणी धरून ठेवणारी संप्रेरकं वाढतात, रक्तवाहिन्या आखडतात. त्या नसांना नि संप्रेरकांना बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

आणि वर चखणा! खारे दाणे, फरसाण, पापड, लोणचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. इथे त्यातलं बरंचसं दुसऱ्या पेगपर्यंतच संपतं. मग बीपी पेगने वाढलं की पापडाने, घाला वाद.

हॉस्पिटलच्या वॉर्डात ड्युटीवर मी काय काय पाहिलंय! बीपीची गोळी घेतलेली, वर दारू, आणि उठायला गेले की चक्कर येऊन खाली. दारू आणि गोळी दोघींनी मिळून बीपी एकदम खाली आणलेलं असतं. पण म्हणून दारूसाठी गोळी चुकवायची नाही, उलटं करायचं. एक मात्र भाऊंच्या त्या मित्राला बजावा, रोज खंबा रिकामा करतो तो. त्याने एकाच दिवशी बंद करायची नाही. हात थरथरतात, बीपी भडकतं, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

कमी करून उपयोग होतो का, विचारता? होतो. रोज सहाहून जास्त स्मॉल पेग रिचवणाऱ्यांनी ते निम्म्यावर आणले तर वरचं बीपी सरासरी साडेपाच अंकांनी उतरतं, खालचं चारने. वाईनला वेगळा नियम नाही, फेणीलाही नाही.

भाऊंना वही द्या एक. उठल्यावर आणि पुन्हा तेरा तास उलटल्यावर, पाच मिनिटं शांत बसून बीपी लिहायचं, शेजारी आदल्या रात्रीचे मिली आणि टक्का. ब्रँडचं नाव नको. आठवड्यात वहीच बोलायला लागेल.

आणि वहिनी, परवाच्या भिशीत ते गुलाबी सरबत म्हणून काय फिरलं, ते माझ्या नाकाला कळलं बरं का! लाजता कशाला? बाईच्या अंगात पाणी कमी, तेवढ्याच ग्लासाने रक्तात अल्कोहोल पुरुषापेक्षा जास्त होतं. पुढच्या भिशीला मी मशीन घेऊनच येते. तुम्ही ग्लास मोजून भरा!